डोळ्यांनी कुणी बघत नसतं

उस्मानपुऱ्यातली ती खोली मला एका परीक्षेत नापास झाल्यामुळे मिळाली.

घरमालक दारातच उभे होते. वर बंडी, खाली कडक इस्त्रीची पॅन्ट. त्यांनी मला बैठकीतून आत नेलं, खोली दाखवली, मोरी दाखवली, पुन्हा बैठकीत आणून भिंतीकडे पाठ करून बसवलं आणि विचारलं, "तुमच्या मागच्या घड्याळात किती वाजलेत?" जाता-येता मी घड्याळावर नजर टाकली होती. डॉक्टरांच्या केबिनबाहेर दिवस काढणाऱ्या माणसाला ती सवय लागतेच. मी ठामपणे सांगितलं, "साडेचार."

सकाळचे दहा वाजले होते आणि मी नुकताच नाश्ता करून आलो होतो.

"आता वळून बघा," ते म्हणाले. घड्याळ खिळ्याला उलटं टांगलेलं होतं. आकडे नसलेलं, नुसत्या रेघांचं घड्याळ. "तुम्ही ते बघितलंच नाही. भिंतीवर काहीतरी गोल आहे म्हटल्यावर तुमच्या मेंदूनं स्वतःजवळचं एक घड्याळ काढून तिथं टांगलं. डोळ्यांनी कुणी बघत नसतं. डोळे नुसतं टपाल टाकतात, वाचतो मेंदू, आणि तोसुद्धा पाकीट न फोडता. सामान कधी आणताय?"

"पण मी तर चुकलो."

"म्हणूनच. आधीच्या भाडेकरूनं बरोबर सांगितलं होतं. त्याच्याशी माझं पटलं नाही."

आतून एका बाईंचा आवाज आला, "झाली का परीक्षा? पोहे गार होऊ राहिले."

अशा रीतीने मी सरांचा भाडेकरू झालो. सर म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयातले औषधशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. निवृत्ती फक्त पगारापुरती होती, शिकवणं चालूच होतं. विद्यार्थी नसल्यामुळे ते भाजीवाल्याला शिकवत, मीटर बघायला आलेल्या माणसाला शिकवत, आणि चुकून फोन लागलेल्या अनोळखी माणसाला तर तो ठेवू देत नसत. मी एका औषध कंपनीचा प्रतिनिधी, तोही मानसिक आजारांवरच्या गोळ्यांचा. हे कळलं तेव्हा सरांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटलं, आदराने घेतले. आपला विद्यार्थी आपल्याच घरात भाडं देऊन राहायला आला आहे, याचा तो आनंद होता हे नंतर कळलं.

महाविद्यालयात त्यांना 'दरवाजे सर' म्हणत. नव्या वर्गाला ते पहिल्याच आठवड्यात शहरातल्या एका जुन्या दरवाज्याखाली नेऊन उभं करत. मुलं सहल समजून डबे घेऊन येत. सर भर उन्हात कमानीखाली उभे राहून मेंदूतला थॅलॅमस शिकवत. "बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट, दिसलेली, ऐकलेली, टोचलेली, आधी या दरवाज्याशी थांबते. इथं एक नाकेदार बसलाय असं समजा. कुठला माल शहरात सोडायचा आणि कुठला बाहेरच ठेवायचा, ते तो ठरवतो. आणि लक्षात घ्या, शहरातून दरवाज्याकडं येणारे रस्ते बाहेरच्या रस्त्यांपेक्षा जास्त आहेत. काय बघायचं याच्या ऑर्डरी आतूनच सुटतात." मागे हॉर्न वाजत असत. एकदा वाहतूक पोलिसाने येऊन सांगितलं की तुमच्या या पोरांमुळे दरवाजा तुंबलाय. सर वर्गाकडे वळून म्हणाले, "बघा, याला म्हणतात प्रात्यक्षिक."

नाकेदाराच्या हातात एक शिक्का असे. 'महत्त्वाचे' असा. डोपामिन म्हणजे तो शिक्का, असं सर सांगत. बिडकीनकडच्या एका कारखान्यातला कामगार त्यांना ठाऊक होता. त्याचा नाकेदार पिसाळला आणि दिसेल त्यावर शिक्का मारत सुटला. रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकचा हॉर्न आपल्यालाच उद्देशून वाजतोय, असं त्या माणसाला वाटू लागलं. झोप गेली, नोकरी जायची वेळ आली. गोळीने नाकेदाराच्या हातातला शिक्का काढून घेतला आणि माणूस परत शिफ्टला जाऊ लागला. "म्हणून गोळीला नावं ठेवायची नाहीत," सर बजावत. मग थांबून पुढचं वाक्य टाकत, "पण शिक्का काढून घेतला की खऱ्या महत्त्वाच्या मालावरही तो बसत नाही. हे लिहून घ्या." पोरं लिहून घेत आणि परीक्षा झाली की विसरून जात, जसं शिक्षणात अपेक्षितच असतं.

माझ्याकडे कंपनीने दिलेलं एक चकचकीत फोल्डर होतं. त्यात एक मेंदू होता, जांभळ्या अंधारात तरंगणारा आणि आतून दिवाळीसारखा उजळलेला. आमच्या गोळीने तो कसा उजळतो, हे डॉक्टरांना घडाघडा सांगायचं, हे माझं काम. मी संध्याकाळी खोलीत त्याचा सराव करत असे. दुसऱ्याच दिवशी सर दारात खुर्ची घेऊन बसले.

"हं, कंपनी, समजा मी डॉक्टर. सुरू करा." ते मला शेवटपर्यंत 'कंपनी'च म्हणत.

मी म्हणालो, "सर, आमचं औषध मेंदूतल्या सर्किट्सचा समतोल साधतं."

"कुठल्या?"

"सगळ्याच, सर."

"वा. आणि या चित्रात माणूस कुठं आहे?"

मी चित्र बारकाईने बघितलं. माणूस नव्हता. "सर, तो प्रिंटिंगमध्ये घेतलेला नाही."

सर इतके हसले की काकू बाहेर आल्या. त्यांनी फोल्डर हातात घेऊन जरा लांब, जरा तिरकं धरून बघितलं. "काय रे बाबा हे, फ्लॉवरचा गड्डा का?" म्हणाल्या. त्यांनी ते तिरकं धरलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी आम्ही दोघंही फ्लॉवरवर हसत होतो.

काकू सोयगावच्या बाजूच्या. कापसाच्या शेतातून थेट प्राध्यापकाच्या संसारात आलेल्या. सरांचं सगळं मेंदूशास्त्र त्यांनी आयुष्यभर घरातल्या पंख्याच्या आवाजासारखं ऐकलं होतं, म्हणजे ते बंद पडलं तरच त्यांना कळलं असतं. सरांचा एक रविवारचा प्रयोग होता. सकाळी काकू देवपूजेला बसल्या की सर घरातली एक वस्तू हलवून ठेवत. कधी घड्याळ उलटं, कधी मीठ-साखरेच्या बरण्यांची अदलाबदल, कधी कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून. मेंदूला सवयीच्या झोपेतून उठवायचं, असा उद्देश. मग पेपर तोंडासमोर धरून बसत आणि वाट बघत. काकू पूजा आटोपून येत, दारात क्षणभर थांबत, सरळ त्या वस्तूकडे जात आणि ती जागच्या जागी लावत. लावता लावता म्हणत, "येड्याचा बाजार." पेपरमागून सरांचा चेहरा मला दिसे. विद्यापीठाने सुवर्णपदक दिल्यासारखा.

"लग्न झाल्यापासून एकदाही फसली नाही," ते मला हळूच सांगत. "माझे पोस्ट-ग्रॅज्युएट विद्यार्थी फसायचे." दोघं एकमेकांशी गोड बोललेली मी कधी ऐकली नाहीत. रविवार होता, तेवढा त्यांना पुरत असावा.

मग पाहुणे आले.

एका दुपारी मी लवकर परतलो. बैठकीत काकू हातात ट्रे घेऊन उभ्या. ट्रेमध्ये भरलेले कप. समोर दिवाण, त्यावर स्वच्छ चादर आणि बाकी काही नाही. "तू खुर्चीवर बस बाबा," काकू मला म्हणाल्या, "दिवाणावर जागा नाय."

मी खुर्चीवर बसलो. भाडेकरूने वाद घालू नये.

"कोण आलंय काकू?"

"काय की. चांगली माणसं दिसत्यात. लग्नाला निघाल्यासारखी. फेटे बांधलेत, बायकांच्या नाकात नथी हायेत. पर एवढुशी हायेत, आन् बोलत नायत." त्यांनी हाताने गुडघ्याएवढी उंची दाखवली. आवाजात भीती नव्हती, जरा संकोच होता, अचानक पाहुणे आले आणि घरात बिस्किटं नसली म्हणजे होतो तसा.

सर दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवण्यासारखं होतं. आयुष्यभर ज्याच्यावर व्याख्यानं दिली ते स्वतःहून घरी चालत आलं होतं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं आणि तो आनंद एकदम ओसरला. ते घाबरले होते. घाबरलेला माणूस जे येत असेल ते करतो, सरांना व्याख्यान येत होतं. संध्याकाळभर ते मला समजावत राहिले. नाकेदार, शिक्का, दरवाजा, म्हातारपणी सुकत जाणाऱ्या वाटा. काकू तिथेच बसून वाटाणे सोलत होत्या. बरेचसे दाणे पातेल्याबाहेर पडत होते. "अटेन्शनसुद्धा गेलंय," सर मला इंग्रजी शब्द घालून म्हणाले, काकूंना कळू नये म्हणून. काकूंना ते चांगलंच कळत असावं, कारण त्यांनी खाली पडलेले दाणे साडीच्या पदराने झाकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो शहरातला नावाजलेला मनोविकारतज्ज्ञ, माझंही रोजचं गिऱ्हाईक. नेहमीच्या रिक्षावाल्या चाचांची रिक्षा होती. वाटेत एक जुना दरवाजा लागला तशी सरांनी सवयीने सुरुवात केली. चाचा मागे न बघता म्हणाले, "सर, दरवाजा अपनी जगा पे है, गाडी कब की बाजू से जाती. तुम नको परेशान हो. भाभी को दिखाके लाते, बस." एरवी सरांनी चाचांची तोंडी परीक्षा घेतली असती. त्या दिवशी ते बाहेर बघत बसले.

विद्यार्थी आम्हाला बघताच उभा राहिला. सर केबिनमध्ये शिरले आणि सवयीने सरळ डॉक्टरच्या खुर्चीत जाऊन बसले. आता गुरू खुर्चीत बसल्यावर शिष्याने बसायचं कुठे? तो नातेवाइकांच्या स्टुलावर बसला. काकू पेशंटच्या खुर्चीवर, मी दारापाशी.

"काकू, तुम्हाला दिसतात ती माणसं…" विद्यार्थ्याने सुरुवात केली.

"फेटेवाली माणसं, संध्याकाळी जास्त," सरांनी उत्तर दिलं. "आवाज नाही. झोप बरी. भूक बरी. पुढं?"

"काकू, त्यांची भीती…"

"भीती सांगत नाही ती. स्वभावच तसा आहे. लिही." आणि सरांनी औषध सांगितलं, डोस सांगितला. विद्यार्थी लिहीत गेला. एका जागी त्याचं पेन थांबलं. त्याने वर बघितलं, समोर सर होते, त्याच चष्म्यातून तोंडी परीक्षेत ज्यांनी त्याला घाम फोडला होता ते. पेन पुन्हा चालू लागलं. कंपनी कुठली, असा प्रश्न आला तेव्हा सर माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात भाडेकरू असताना बाहेरची गोळी कशाला?" त्या केबिनमध्ये मी वर्षभर फोल्डर उघडून जे मागत होतो ते न बोलता मिळालं. काकूंना कुणीच काही विचारलं नाही. त्या जाताना विद्यार्थ्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "लई वाळलास रे."

गोळी चांगली होती, हे मी कंपनीचा माणूस म्हणून सांगत नाही. पाहुणे आधी विरळ झाले, मग गेले. "गेले वाटतं," काकू दिवाणाकडे बघून म्हणाल्या, "च्या न घेताच." सरांनी टेबलावर थाप मारली. "कंपनी, हे तुमच्या फोल्डरमध्ये घाला." घरात सणासारखं वातावरण होतं. निदान बैठकीत तरी.

पण काकू बसल्या की बसून राहू लागल्या. दूध उतू जाताना त्या शेजारी उभ्या असत. ओट्यावरून दूध खाली येई, पायापाशी येई, मग त्या पाय जरा बाजूला घेत. कुकरच्या शिट्ट्या होत राहत. भाजीवाला हाक मारून मारून पुढे जाई. सर म्हणत, "शांत झाली आहे." मी पण म्हणालो, शांत झाल्यात. दोघांच्याही आवाजात फारसा दम नव्हता.

रविवार आला. सरांनी घड्याळ उलटं टांगलं आणि पेपर उघडला. काकू पूजेवरून आल्या. दारात थांबल्या नाहीत. घड्याळाखालून गेल्या आणि स्वयंपाकघरात शिरल्या.

सरांनी पेपरचं पान उलटलं. बराच वेळ ते त्याच पानावर होते.

सोमवारीही घड्याळ उलटंच होतं. मंगळवारी सरांनी कॅलेंडर भिंतीकडे वळवलं. बुधवारी त्यांनी स्वतःची चप्पल टीव्हीवर ठेवली. काकू टीव्हीसमोर बसल्या, चपलेखाली बातम्या चालू होत्या. मग सरांनी स्वेटर उलटा घातला, शिवण बाहेर, गळ्यामागचं लेबल हनुवटीखाली, आणि दिवसभर काकूंच्या पुढून फिरत राहिले. बंडीलाही रफू करून घालणारा हा टापटीप माणूस तसाच कोपऱ्यावर दूध आणायला गेला. दुधवाल्याने हसून विचारलं. काकूंनी विचारलं नाही.

शेवटी त्यांनी मीठ आणि साखर बदलली. चहा आला. सरांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मी घोट घेतला आणि गिळला, भाडेकरू म्हणून. काकू आमच्यासमोर बसून आपला चहा पीत होत्या. खारट चहा, शांतपणे, शेवटपर्यंत. कप रिकामा झाल्यावर त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवला. सरांनी मग आपला कप उचलला आणि त्यांनीही तो पूर्ण संपवला. मला त्या क्षणी सरांची इतकी दया आली की मी खोलीत निघून गेलो.

थोड्या वेळाने ते माझ्या दारात आले. खुर्ची आणली नव्हती. "कंपनी," ते म्हणाले, "ती मला वेडा म्हणत नाही." आणि जरा वेळाने, "मीच सांगायचो ना, शिक्का गेला की खऱ्या मालावरही बसत नाही. माझ्यावरचा शिक्का गेलाय हो."

"सर, काकूंना विचारून बघा," मी म्हणालो.

"काय विचारू?"

हा प्रश्न त्यांनी अगदी खरा विचारला. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या माणसाने उत्तर माहीत नसलेला प्रश्न कुणाला विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत काकू उन्हाला बसल्या होत्या. सर समोर स्टूल घेऊन बसले. मी आत बॅग भरत होतो आणि दार उघडं होतं.

"अगं, ते पाहुणे," सर चाचरत म्हणाले, "ते यायचे तेव्हा तुला काय वाटायचं?"

काकूंना बोलायला वेळ लागला. गोळीने शब्दही सावकाश येत. "काय वाटायचं. मला ठाऊक व्हतं की ते नायत."

"ठाऊक होतं?"

"व्हय. सावली पडत नव्हती त्यांची. आन् दिवाण दबत नव्हता."

"मग चहा कशाला करायचीस?"

"दिसायचे ना दारात. आलेल्याला बसा म्हणायची सवय हाय. नसलेला का असंना, घरात आल्यावर उभं कसं ठेवावं? आन् मला बी सोबत व्हायची. फेटे तरी नीट दिसायचे त्यांचे, नथीतला मोती दिसायचा. तुमचं तर तोंडच दिसंना मला."

"म्हणजे?"

"मधोमध धूर झाल्यावानी झालंय. लई दिवस झाले. जिकडं बघावं तिथं धूर, आन् कडंकडंनं दिसतंय. तुमच्याकडं बघितलं की कान दिसत्यात. दोन कान, मधी कुणी नाय."

सरांचा आवाज चढला. "अगं मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं," काकू तितक्याच सावकाश म्हणाल्या, "तुम्हीच तर सांगत आलात, डोळ्यानं कुणी बघत नसतं म्हणून. म्हटलं, मग डोळ्याचं काय घेऊन बसायचं. मेंदूच गेला असंल आपला."

 मी आत दोन वेळा बॅगेची चेन लावली आणि काढली. सरांनी हजारो मुलांना मेंदू शिकवला होता, भाजीवाल्याला शिकवला होता, आणि ते सगळं मनापासून ऐकून त्याप्रमाणे वागलेली एकच विद्यार्थिनी निघाली होती. ती त्यांच्या समोर उन्हात बसली होती आणि तिला ते दिसत नव्हते.

त्याच दिवशी चाचांची रिक्षा परत आली. आधी डोळ्यांचे डॉक्टर झाले. पडद्याचा मधला भाग झिजला होता, कडा शाबूत होत्या. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं जपू, असं ते म्हणाले. मग आम्ही विद्यार्थ्याकडे गेलो. त्याने कागद वाचला, काकूंना स्वतः प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं शेवटपर्यंत ऐकली आणि हळूच म्हणाला, "सर, हे तुम्हीच शिकवलंय आम्हाला. दरवाजा बंद पडला, बाहेरून माल येईना, की आतलं शहर गप्प बसत नाही, स्वतःच वरात काढतं. पेशंटला ती खोटी आहे हे ठाऊक असतं. तो वेडा नसतो. त्याला तसं सांगितलं की निम्मं काम होतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?" सर म्हणाले.

विद्यार्थ्याने इकडे तिकडे बघितलं. "सर, तुम्ही माझ्या खुर्चीत बसला होता."

सर तेव्हाही त्याच्याच खुर्चीत बसलेले होते. त्यांनी खुर्चीच्या हातांकडे बघितलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं. मग ते उठले आणि स्टुलावर जाऊन बसले. खुर्ची रिकामी झाली तरी विद्यार्थी बसेना. काकू म्हणाल्या, "बस की रे. आता त्यांना काय बी इचारू नको." तेव्हा तो बसला आणि गोळी टप्प्याटप्प्याने कशी कमी करायची ते त्याने स्वतः लिहिलं. माझी गोळी होती. ती कमी होताना मला इतका आनंद झालेला कंपनीला कळला असता, तर माझी बदली आणखी लवकर झाली असती.

घड्याळ मात्र अजून उलटंच होतं. सरांना ते सुलटं करायला हात होत नव्हता. एका सकाळी मी मोरीत दाढी करत होतो. बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग काकूंचा आवाज, जरा घोगरा, पण त्यांचा, "किती दिस झाले हे असं? येड्याचा बाजार नुसता." अर्ध्या दाढीने बाहेर आलो तर काकू स्टुलावर उभ्या, तोंड भलतीकडे, हाताने चाचपून खिळा शोधत होत्या. सरांनी खालून स्टूल घट्ट धरलं होतं आणि ते रडत होते. लपवत नव्हते.

"पडायची नाय मी," काकू म्हणाल्या. "धरू राहिले नुसते."

गोळी कमी झाली तसे पाहुणेही परत आले. आता काकूंना आणि सरांना दोघांनाही ते पाहुणे कुठून येतात ते ठाऊक होतं, त्यामुळे कपांची संख्या आटोक्यात राहिली. सरांना मात्र नवीच सवय लागली. दिवाणावर टेकण्याआधी ते विचारत, "इथं कुणी आहे का?" काकू सांगत, "तिकडं सरका, म्हातारी बसलीय." सर सरकत. सोसायटीच्या मीटिंगला आलेल्या लोकांनाही त्यांनी एकदा असंच सरकवलं. मेंदूवरचं व्याख्यान थांबलं नाही, तसं ते थांबणारही नव्हतं, पण त्याची सुरुवात बदलली. आता पहिला प्रश्न असे, "डोळे कधी तपासले?" भाजीवाल्याने कंटाळून चष्मा करून घेतला.

माझी बदली झाली. मध्यंतरी कामासाठी शहरात आलो तेव्हा मुद्दाम रविवार गाठून गेलो. बैठकीत दोघं होती आणि मला क्षणभर वाटलं की मी भांडणात येऊन पडलो. सर खुर्ची तिरकी करून खिडकीशी बसले होते. काकू दिवाणावर, त्यांची मान पूर्ण दुसरीकडे, भिंतीकडे वळलेली. रुसलेल्या बाईसारखी.

"या कंपनी," सर म्हणाले. "जरा खुर्चीवर बसा, दिवाण भरलाय."

मी बसलो. सर हलले नाहीत. ऊन नेमकं त्यांच्या चेहऱ्यावर येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं होतं. मग मला उमगलं. काकूंना मधलं दिसत नव्हतं, कडेचं दिसत होतं. सरांनी खुर्ची काकूंच्या नजरेच्या त्या कडेला नेऊन ठेवली होती, आणि नवऱ्याचं तोंड नीट बघता यावं म्हणून काकूंनी मान भिंतीकडे फिरवली होती.

"आज दाढी नाय केली," काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या.

सरांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला. काकूंनी हात लांब करून तो खाली केला.